मुक्या जिवाचा पाय आणि आपली अमानत

सूरह अल-कहफमध्ये गुहेत आश्रय घेतलेल्या तरुणांची हकीकत येते. ते किती होते, याबद्दल लोकांत चाललेली चर्चा कुरआनने स्वतःच नोंदवली आहे. कोणी तीन म्हणेल, कोणी पाच, कोणी सात. आणि प्रत्येक मोजणीच्या शेवटी त्यांचा कुत्रा आहेच. तरुणांची नावे दिलेली नाहीत, गावाचे नाव नाही, राजाचे नाव नाही. मात्र कुत्रा कसा बसला होता, हे अठराव्या आयतीत सांगितले आहे: उंबरठ्यावर, पुढचे दोन्ही पाय पसरून. अरबीत संस्कृतप्रमाणे द्विवचन असते. मराठीला ते उरले नाही. त्या आयतीतला 'जिराऐहि' हा शब्द द्विवचनी आहे, म्हणजे मोजून दोन पाय. अल्लाहच्या ग्रंथात एका कुत्र्याचे दोन पाय मोजले गेले आहेत. मदरशात तफसीर शिकताना या शब्दावरून आम्ही व्याकरण शिकून पुढे गेलो होतो. तो शब्द पुन्हा समोर आला तो एका शेतकऱ्याच्या प्रश्नामुळे.

पांढरकवड्याच्या बाजूचा हा शेतकरी. आपल्या यवतमाळ जिल्ह्यात कापूस, तूर, सोयाबीन पेरणाऱ्याला रानडुकरांचा उपद्रव काय असतो हे सांगावे लागत नाही. रात्री वावरात जागल करावी लागते आणि जागलीला माणसाबरोबर कुत्रा लागतो. याचा कुत्रा सात वर्षांचा, पोरांच्या अंगाखांद्यावर वाढलेला. कोणीतरी डुकरासाठी धुऱ्यावर तारेचा फास लावून ठेवला होता. कुत्रा त्यात अडकला, दोन रात्री तसाच राहिला आणि सापडला तेव्हा मागचा एक पाय गुडघ्याच्या खाली सुजून काळा पडला होता. पशुवैद्यांनी पाहून सांगितले की पाय मेला आहे. वरून काढला नाही तर विष अंगात भिनेल. गावात दोन सल्ले मिळाले. एक म्हणे, सुई देऊन संपवा, लंगड्या कुत्र्याचा काय उपयोग? दुसरा म्हणे, अल्लाहने दिलेला अवयव तोडणारे आपण कोण, जसे आहे तसे सोडून द्या. जुम्माच्या नमाजनंतर तो माझ्याजवळ थांबला आणि म्हणाला, "मौलाना, याचा पाय कापू का याले सुई देऊन मोकळा करू, तुम्हीच सांगा."

जखम थांबणार नव्हती, म्हणून उत्तर तेथेच दिले: पाय काढा. पण त्या उत्तराच्या मागे शरीअतचे काय काय उभे आहे, हे मशिदीच्या पायरीवर सांगता येण्यासारखे नव्हते. ते येथे मांडतो, कारण त्यानंतर याच विषयावर आणखी दोघांनी विचारले आणि त्यांचे प्रश्न पहिल्यापेक्षा कठीण होते.

आपल्या मोहल्ल्यात कुत्र्याचा विषय निघाला की पहिला शब्द 'नापाक' असतो आणि बहुधा शेवटचाही तोच असतो. वस्तुस्थिती अशी की शिकार, गुरे किंवा शेती यांच्या राखणीशिवाय जो कुत्रा पाळील, त्याच्या पुण्यातून रोज काही भाग कमी होतो, अशी सहीह हदीस आहे. आणि त्याच हदीसमध्ये राखणीच्या कुत्र्याची मुभाही आहे. जागलीचा कुत्रा या मुभेत सरळ बसतो. हनफी आणि शाफई दोन्ही मजहबांत त्याची लाळ नापाक आहे. भांड्याला तोंड लागले तर शाफई मजहबप्रमाणे ते सात वेळा, त्यात एकदा मातीने, धुवावे लागते. म्हणून कोकणातल्या आपल्या बांधवांचा या बाबतीतला कडकपणा आपल्याहून अधिक दिसतो. आपल्याकडे विदर्भात बहुसंख्य हनफी. हनफी फिकहप्रमाणे कुत्र्याच्या कोरड्या अंगाला कपडा लागल्याने कपडा नापाक होत नाही. जखमेची मलमपट्टी करणाऱ्याने हात धुवावेत, लाळ किंवा रक्त लागलेला कपडा धुवावा, नमाजसाठी वेगळा जोड ठेवावा. एवढ्याने हा मुद्दा संपतो. पाकीचा प्रश्न पाण्याने सुटणारा आहे. दुखण्याचा प्रश्न पाण्याने सुटत नाही, आणि आपण मात्र पहिल्यावर तासभर बोलतो व दुसऱ्यावर येतच नाही.

तहानलेल्या कुत्र्याची हदीस सर्वांना पाठ असते, पण तिच्यातले कष्ट आपण नजरेआड करतो. तो माणूस स्वतः तहानेने व्याकूळ होऊन विहिरीत उतरला होता, पाणी पिऊन वर आला होता. धापा टाकत ओली माती चाटणारा कुत्रा दिसल्यावर तो पुन्हा विहिरीत उतरला. पायातल्या मोज्यात पाणी भरले आणि वर चढताना दोन्ही हात मोकळे हवेत म्हणून तो मोजा दातांत धरला. अल्लाहने त्याची कदर केली आणि त्याला क्षमा केली. सहाबांनी विचारले की जनावरांच्या बाबतीतही आम्हाला पुण्य आहे का, तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी प्रत्येक जिवंत काळजाच्या सेवेत पुण्य असल्याचे सांगितले. कुत्रा कोणाचा होता, राखणीचा होता की भटका, हे हदीसमध्ये नाही. बी.ए.ला मराठी संतांची चरित्रे अभ्यासताना मला नाथांची ती आख्यायिका भेटली: रामेश्वराला न्यायची गंगेची कावड त्यांनी वाटेत तहानलेल्या गाढवाच्या तोंडात रिकामी केली. नामदेवांनी पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धाव घेतली, अशीही कथा सांगतात. आमच्या खेड्यांत या कथा ऐकणारा आणि ती हदीस ऐकणारा यांच्या वावरांमध्ये एकच धुरा असतो. फास कधी कधी त्याच धुऱ्यावर असतो.

फासाविषयी येथेच सांगून टाकतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात 'शिकार' या शब्दाच्या व्याख्येत फास किंवा सापळा लावणेही येते. शरीअतच्या दृष्टीने हनफी फुकहांनी राखणीच्या कुत्र्याला 'माल' मानले आहे, त्याची खरेदी-विक्री वैध धरली आहे. म्हणून त्याचे नुकसान करणाऱ्यावर भरपाई येते. पीक वाचवण्याची गरज खरी आहे. पण धुऱ्यावरची तार डुक्कर आणि कुत्रा यांत फरक करीत नाही, हे तार लावणाऱ्याला ठाऊक असते.

आता 'अल्लाहने दिलेला अवयव तोडणारे आपण कोण' या आक्षेपाकडे येऊ. हा आक्षेप अडाणीपणाचा नाही, त्याला आधार आहे. सूरह अन-निसामध्ये इब्लीसची प्रतिज्ञा आली आहे की तो माणसांना जनावरांचे कान कापायला आणि अल्लाहची निर्मिती बदलायला लावील. अज्ञानकाळातले अरब उंटिणींचे कान चिरून त्या देवतांच्या नावाने सोडत. जनावराची विटंबना करून अवयव छाटणाऱ्यावर प्रेषितांनी (स.) लानत केल्याचे हजरत इब्ने उमर (रजि.) यांनी सांगितले आहे. चेहऱ्यावर डागणी दिलेले गाढव दिसले तेव्हाही प्रेषितांनी (स.) डागणाऱ्यावर लानत केली. म्हणजे जनावराच्या अंगावर चालणारे हत्यार ही शरीअतच्या नजरेत किरकोळ बाब नाही. पण ज्या कृत्यांचा येथे निषेध आहे ती पाहावीत. कान चिरला तो अंधश्रद्धेसाठी, चेहरा डागला तो मालकीच्या खुणेसाठी, अवयव छाटला तो खेळासाठी किंवा रागासाठी. जनावराला त्यातून काहीही मिळत नव्हते. आजच्या काळात या निषेधाचे खरे उदाहरण शोधायचे तर डॉबरमनचे शेपूट आणि कान केवळ रुबाबासाठी छाटण्याच्या चालीत ते सापडेल. त्या मालकाला कोणी इब्लीसची आयत ऐकवत नाही. जो जीव वाचवण्यासाठी सडलेला पाय काढू पाहतो, त्याला मात्र ऐकवली जाते.

सडलेला अवयव काढणे हे निर्मिती बदलणे नव्हे, हे आपल्या इमामांनी माणसाच्या संदर्भात फार पूर्वी स्पष्ट केले आहे. सातव्या हिजरी शतकातले इज्जुद्दीन बिन अब्दुस्सलाम (रह.) यांनी हित आणि अहित यांच्या तारतम्यावर ग्रंथ लिहिला. जेथे नुकसान पत्करूनच मोठे हित साधते, तेथे त्यांनी हेच उदाहरण दिले: प्राण वाचवण्यासाठी सडलेला हात तोडणे. तोडणे हे स्वतः अहितच आहे, असे ते मानतात. ते चांगले आहे म्हणून केले जात नाही, त्याहून मोठे अहित टाळते म्हणून केले जाते. मला ही नेमकी मांडणी महत्त्वाची वाटते. पाय काढल्यावर काही अशुभ घडलेच नाही, असे स्वतःला समजावण्याची गरज नाही. घडले आहे.

कुर्तुब्याचे महान शल्यचिकित्सक अबुल कासिम अज्-जहरावी यांच्या ग्रंथात या संकोचाचे एक विलक्षण उदाहरण आहे. एका माणसाचा पाय काळा पडत गेला, तेव्हा त्याने स्वतःच तो तोडला आणि तो बरा झाला. पुढे तोच रोग हाताला झाला. जहरावींनी औषधे केली, पण रोगी दगावेल या भीतीने हात तोडण्यास नकार दिला. रोगी घरी गेला, त्याने हातही स्वतः तोडला आणि वाचला. ज्या वैद्याने हत्यारांची चित्रे काढून शस्त्रक्रिया शिकवली, त्याचाही हात अशा वेळी आखडला. मग एका शेतकऱ्याचे काळीज हलले तर त्यात नवल काय?

मात्र या गोष्टीत एक मुद्दा दडलेला आहे. तो रोगी माणूस होता. त्याने ठरवले आणि त्याने केले.

हजरत उरवा बिन जुबैर (रह.) यांची हकीकत खुतब्यांतून वारंवार सांगितली जाते. ते हजरत जुबैर आणि हजरत अस्मा (रजि.) यांचे चिरंजीव, हजरत आयशा (रजि.) यांचे भाचे, मदिनेच्या सात फुकहांपैकी एक. खलीफा वलीद बिन अब्दुल मलिक यांच्या भेटीसाठी शामला जाताना त्यांच्या पायाला सडण्याचा रोग जडला. वैद्यांनी पाय कापावा लागेल असे सांगितले आणि वेदना कळू नये म्हणून मादक पेय देऊ केले. त्यांनी ते नाकारले. करवतीने पाय कापला गेला, ते जिक्रमध्ये मग्न राहिले. त्याच प्रवासात त्यांचा एक मुलगा जनावराची लाथ लागून मरण पावला. त्यावर त्यांनी अल्लाहची स्तुती केली, तिचा आशय असा की दोन हात आणि दोन पाय असे चार दिले होतेस, त्यातला एक नेलास, तीन ठेवलेस. मुले दिली होतीस, त्यातले एक नेलेस, बाकीची ठेवलीस.

एक गेला, तीन उरले. तीन पायांच्या कुत्र्याकडे पाहताना हे वाक्य कोणालाही आठवेल. पण त्याचा वापर येथे जपून करावा लागतो, कारण उरवांनी (रह.) जो सब्र केला तो स्वतःच्या पायावर केला. भूल नाकारण्याचा अधिकार त्यांचा होता. आपण दुसऱ्याच्या वतीने सब्र करू शकत नाही, आणि ज्याला सब्र म्हणजे काय हेच कळत नाही त्याच्या वतीने तर मुळीच नाही. माणसाला काटा जरी टोचला तरी त्याबदल्यात त्याचे गुनाह झडतात, ही खुशखबर माणसासाठी आहे. कुत्र्याच्या नावावर गुनाह नाहीत, त्याची परीक्षा चाललेली नाही, त्याच्या वेदनेतून त्याचा कोणताही दर्जा उंचावणार नाही. आपल्या दुखण्याला ईमान जो अर्थ देते तो त्याच्या दुखण्याला लाभत नाही. त्याच्या वाट्याला फक्त दुखणे येते. म्हणून 'अल्लाहवर सोडा' हा सल्ला माणूस स्वतःसाठी घेत असेल तर त्यात तवक्कुल असू शकेल. अडकलेल्या कुत्र्यासाठी तोच सल्ला दिला तर त्यात बहुधा आपलाच कंटाळा असतो.

यातून व्यवहाराच्या गोष्टी निघतात. शस्त्रक्रिया पूर्ण भुलीखालीच व्हावी. खेड्यात चार माणसांनी दाबून धरून पाय तोडण्याचा प्रकार हा जुलूम आहे. पुढचे काही दिवस वेदनाशामक औषध चुकवू नये. जबह करतानाही सुरी धारदार करा आणि जनावराला आराम द्या, अशी ज्या प्रेषितांची (स.) ताकीद आहे, त्यांच्या उम्मतीत जीव वाचवताना बोथट हत्यार चालणार नाही. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात मोठी शस्त्रक्रिया शक्य नसेल तर आपल्याकडून सुमारे दीडशे किलोमीटरवर नागपूरचे पशुवैद्यक महाविद्यालय आहे. उर्दूत पशुवैद्याला 'सलोतरी' म्हणतात. हा शब्द संस्कृतातल्या शालिहोत्र ऋषींच्या नावावरून आलेला आहे आणि अरबीत याच विद्येला 'बैतरा' म्हणतात. मुक्या जिवांची चिकित्सा ही सर्व परंपरांनी विद्या म्हणून जपलेली गोष्ट आहे, ते श्रीमंतांचे खूळ नव्हे.

पण वाचवण्याच्या उत्साहालाही मर्यादा लागते. नागपूरच्या गोरेवाड्यातील 'साहेबराव' या वाघाची गोष्ट विदर्भातल्या वाचकांना माहीत असेल. २०१२ साली चंद्रपूर जिल्ह्यात शिकाऱ्यांच्या सापळ्यात त्याचा पुढचा पाय अडकला आणि त्याने पायाची बोटे गमावली. पुढे अस्थिरोगतज्ज्ञ डॉ. सुश्रुत बाभूळकर यांनी त्याच्या वेदनेवर उपचार केले आणि जानेवारी २०२० मध्ये त्याला भूल देऊन कृत्रिम पंजा बसवण्यात आला. शुद्धीवर आल्यानंतर काही तासांतच वाघाने तो काढून टाकला. प्रयत्न नेक होता आणि वेदना कमी करण्याचा भाग तर निर्विवाद मोलाचा. हजरत अरफजा (रजि.) यांचे नाक लढाईत गेले होते, त्यांना प्रेषितांनी (स.) सोन्याचे नाक बसवण्याची परवानगी दिली, तेव्हा कृत्रिम अवयवात गैर काही नाही. पण अरफजांना नाक हवे होते. साहेबरावाला पंजा हवा होता का, हे त्याने आपल्या पद्धतीने सांगितले. दुखणे थांबवणे त्याच्या कामाचे होते. पूर्ण दिसणे आपल्या कामाचे होते. कुत्र्याच्या बाबतीतही हे ध्यानात ठेवावे. पशुवैद्य सांगतात की कुत्रा शरीराचा निम्म्याहून अधिक भार पुढच्या पायांवर पेलतो, म्हणून मागचा पाय गेल्यास तो लवकर सावरतो. पुढचा गेला तरी बहुतेक कुत्री काही दिवसांत किंवा आठवड्यांत तीन पायांवर चालू लागतात. वजनदार किंवा सांधे झिजलेल्या कुत्र्याला ते जड जाते. आरशात पाहून रडणे त्यांच्यात नसते. रडतो तो मालक.

दुसरा प्रश्न यवतमाळ शहरातल्या एका शिक्षकाचा होता. त्यांच्याकडे लॅब्राडोर जातीची नऊ वर्षांची कुत्री, मुलीच्या हट्टाने आणलेली. पुढच्या पायाच्या हाडाला कर्करोग. येथे राखणीची मुभा लागू होत नव्हती आणि हे त्यांनीच आधी सांगून टाकले. मी त्यांना म्हटले की पाळायला हवी होती की नको, हा एक प्रश्न; जी पाळली तिचे हक्क, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर 'नको' आले तरी दुसरा शिल्लक राहतो. मांजर बांधून ठेवून उपाशी मारणाऱ्या स्त्रीला जहन्नमची शिक्षा झाली, ती मांजर पाळली म्हणून नव्हे.

त्यांची अडचण वेगळीच होती. या रोगात पाय काढला की हाडाची भयंकर वेदना थांबते, पण रोग थांबतोच असे नाही. निदान होईपर्यंत बहुधा तो फुप्फुसांत पोहोचलेला असतो. केवळ पाय काढल्यावर साधारणपणे काही महिन्यांचेच आयुष्य मिळते, केमोथेरपीची जोड दिली तर वर्षाच्या आसपास. त्यांनी विचारले की एवढ्यासाठी तिला कापायचे का? मी उलट विचारले की हे महिने कोणाला हवे आहेत. ते गप्प राहिले, आणि हा प्रश्न त्यांना दुखावण्यासाठी नव्हता. मुलीची परीक्षा होईपर्यंत कुत्री जगावी असे त्यांना वाटत होते, हे त्यांनी नंतर सांगितले. प्रेमात असे होते. पण अमानत सांभाळणाऱ्याने स्वतःच्या गरजेने अमानतीचा निर्णय करू नये, हा यतीमाच्या मालाबाबतचा नियम येथेही लागू पडतो असे माझे मत आहे. कुत्रीला परीक्षा ठाऊक नाही, महिने ठाऊक नाहीत. आज दुखते की दुखत नाही, एवढेच तिला ठाऊक. तिचे सांधे चांगले असतील, फुप्फुसे अजून स्वच्छ दिसत असतील आणि पाय काढल्यावर ती तीन पायांवर उन्हात जाऊन बसेल असे पशुवैद्य सांगत असतील, तर ते थोडे महिने तिचेच आहेत, आणि शस्त्रक्रिया एहसान ठरेल. तसे नसेल, तर आपण आपले दुःख लांबणीवर टाकण्यासाठी तिच्या अंगावर जखम करीत असतो.

मग सुईचे काय? येथे मजहबांत मतभेद आहे आणि तो लपवण्याचे कारण नाही. शाफई फुकहा ज्याचे मांस खाल्ले जात नाही असे जनावर केवळ त्याची सुटका व्हावी म्हणून मारणे नाजायज मानतात. हनफी ग्रंथांत, बरे होण्याची आशा नसलेल्या आणि कामातून गेलेल्या जनावराला त्रासातून सोडवण्यास हरकत नाही, अशी मुभा आढळते. आपल्या देशाच्या १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यातही असाध्य यातनेतल्या जनावराला जिवंत ठेवणे हीच क्रूरता ठरेल अशा स्थितीची तरतूद आहे. मी हनफी आहे आणि मुभा मानतो. पण 'कामातून गेलेले' आणि 'यातनेतले' हे दोन शब्द जेथे एकत्र येतात तेथेच मानतो. फासातल्या कुत्र्यासाठी ज्यांनी सुई सुचवली त्यांच्या मनात पहिलाच शब्द होता. पाय काढल्यावर त्याची यातना संपणार होती, आयुष्य बाकी होते. तेथे सुईला आधार नव्हता. शिक्षकांच्या कुत्रीसाठी कदाचित तो दिवस येईल, आणि आला तर त्यांनी स्वतःला खुनी समजू नये.

शेतकऱ्याची शंका आणखी एक होती, आणि खरे तर तिनेच मला सर्वांत जास्त विचारात पाडले. मुभा राखणीच्या कुत्र्याची आहे. तीन पायांचा कुत्रा डुकरामागे धावणार नाही. मग उद्यापासून तो बिनकामाचा कुत्रा ठरतो का, आणि त्याला अंगणात ठेवले तर रोज पुण्य घटू लागेल का? शंका अगदी तर्कशुद्ध आहे. तिचे उत्तर पुन्हा इज्जुद्दीन (रह.) यांच्याकडेच सापडते. माणसावरील जनावरांचे हक्क मोजताना त्यांनी लिहिले आहे की जनावर म्हातारे झाले, आजारी पडले आणि त्याच्यापासून काहीही फायदा उरला नाही तरी त्याचा खर्च मालकावरच आहे. हनफींमध्ये इमाम अबू हनीफा (रह.) हे कर्तव्य मालक आणि अल्लाह यांच्यातले मानतात, तर इमाम अबू यूसुफ (रह.) यांच्या मते काजी मालकाला ते पाळायला भागही पाडू शकतो. कर्तव्य आहे, याबद्दल दोघांत दुमत नाही. ज्या कामासाठी त्याला आणले त्या कामातच त्याचा पाय गेला. सेवेने मिळालेला हक्क पायाबरोबर तुटून पडत नाही. शिवाय कुत्रा राखण पायांनी करीत नसून नाकाने, कानाने आणि आवाजाने करतो, असेही मी त्याला सांगितले; ते ऐकून तो हसला. कुत्र्याला घरात न आणता गोठ्याच्या पडवीत ठेवावे, जमीन घसरडी असेल तर गोणपाट अंथरावे, जखम भरेपर्यंत मोकळे सोडू नये.

तिसरा प्रश्न एका तरुणाचा. त्याने मशिदीत सर्वांसमोर विचारले आणि त्याचा आवाज चढलेला होता. त्याच्या वडिलांचा पाय मधुमेहामुळे घोट्यापासून काढावा लागला आहे. ते सालगडी होते, आता खाटेवर असतात. गावाने कुत्र्याच्या पायाची चर्चा दोन आठवडे केली, माझ्या बापाच्या पायाची दोन दिवसही केली नाही, असे तो म्हणाला. काहींनी त्याला गप्प करण्याचा प्रयत्न केला. गप्प करण्यासारखे त्यात काही नव्हते. कुत्र्यावर खर्च करणे हा इस्राफ आहे का, हा प्रश्न पुस्तकात सोपा असतो आणि त्या खाटेसमोर कठीण होतो.

फिकहने खर्चाचा क्रम लावून दिला आहे. स्वतः, बायको-मुले, आई-वडील, मग इतर. जनावरांचा खर्च मालकाच्या जबाबदाऱ्यांत येतो, पण माणसाची भाकरी काढून नव्हे. ज्याच्या घरात मुलांची फी थकली आहे किंवा आजाऱ्याचे औषध थांबले आहे, त्याने कर्ज काढून कुत्र्याला नागपूरला न्यावे, असे मी सांगणार नाही. अशा माणसासाठी जवळचा दवाखाना, स्वस्त औषध आणि शेवटी त्रासातून सुटका, एवढेच त्याच्या ऐपतीतले कर्तव्य. परंतु एका घराने कुत्र्यावर केलेला खर्च हा दुसऱ्या घरातल्या आजाऱ्याकडून हिरावलेला नसतो. तसा हिशेब मांडायचा तर आधी लग्नातल्या मंडपाचा आणि नव्या मोटारसायकलचा मांडावा लागेल, कुत्र्याचा नंबर फार खाली येईल. जकातीच्या बाबतीत मात्र नियम स्वच्छ आहे. जकात गरजू माणसाच्या हातात पडावी लागते. जनावराच्या औषधावर ती खर्च होत नाही. त्या तरुणाच्या वडिलांची मलमपट्टी, इन्सुलिन, कुबड्या, हे सर्व जकातीतून होऊ शकते, आणि जमातीवर त्यांचा तो हक्क आहे. उपकार म्हणून नव्हे.

त्यांचे नाव आता जमातीच्या यादीत आहे. कुत्र्याचे बिल त्याच्या मालकाने तुरीच्या पैशातून भरले.